टिचकीची डबी दारात अडली

उसाच्या रानाला होता एक बांध.
बांधात होतं एक बीळ.
बिळात राहायची टिचकी उंदरी.
आणि टिचकीच्या कुशीत राहायचा शेंगू.

शेंगू म्हणजे तिचं पिल्लू. भुईमुगाच्या शेंगेएवढं. डोळे अजून पुरते उघडले नव्हते. पण भूक लागली की आवाज काय काढायचा! चूं! चूं! चूं!

एक दिवस काय झालं, बांधावर साळूकाकू येऊन बसली.
साळूकाकू म्हणजे शेजारची साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय. साऱ्या रानाची खबर तिच्याकडे.

"टिचके, ए टिचके! ऐकलंस का? आज पाटाला पाणी सुटतंय. उसाला पाणी देणार आहेत. तुझं बीळ भरणार बघ."

टिचकीनं बिळातून डोकं बाहेर काढलं.
"अगंबाई! मग मी घर हलवते. टेकाडावर बाभळीखाली एक बीळ रिकामं आहे. तिकडं जाते."

"एकटी? एवढं सामान घेऊन? अगं, मुंगळ्यांना बोलव की. हमालांची टोळीच आहे त्यांची. रांगेनं येतात, रांगेनं नेतात."

"हमाल कशाला? चार पाय दिलेत देवानं. माझं घर मीच हलवीन!"

"बघ बाई. मला काय. मी आपलं विचारलं."

साळूकाकू बाभळीवर जाऊन बसली. पण लक्ष सगळं इकडंच. शेजारी घर हलतंय म्हटल्यावर कुणाचा पाय निघतो!

टिचकीनं कापसाची गादी उचलली.
तुरुतुरु तुरुतुरु, टेकाडावर. तुरुतुरु तुरुतुरु, परत.

"गादी नेलीस वाटतं? मऊ दिसते हो. कापूस कुठला गं?"
"साळूकाकू, आत्ता नको!"

टिचकीनं चिंध्यांची गोधडी उचलली.
तुरुतुरु तुरुतुरु, टेकाडावर. तुरुतुरु तुरुतुरु, परत.

"गोधडी कुणी शिवली गं?"
"साळूकाकू, आत्ता नको म्हटलं ना!"

मग राहिली डबी. आणि राहिला शेंगू.
डबी होती पत्र्याची. लाल, लांबट. आत ज्वारीचे दाणे. हलवली की खुळखुळ.
शेंगू गाढ झोपला होता.

"झोपू दे लेकराला," टिचकी म्हणाली. "आधी डबी नेते. मग त्याला."

टिचकी उलट्या पायांनी बाहेर निघाली. डबी ओढत निघाली.
खर्रर्र... खर्रर्र... खट्ट!

डबी दारात अडली.

आत आणताना तिनं डबी सरळ आणली होती. बाहेर काढताना घाई झाली. डबी आडवी फिरली, आणि बसली दारात रुतून. दाराच्या इकडं दगड, दाराच्या तिकडं दगड.

टिचकीनं डबी ओढली. हलली नाही.
टिचकीनं डबी ढकलली. हलली नाही.
टिचकीनं माती उकरली. नखं दुखली, पण दगड काही सरकला नाही.
मागचं दार? ते तर नांगर फिरला तेव्हाच बुजलं होतं.

टिचकी बाहेर.
शेंगू आत.
मध्ये डबी.

आतून आवाज आला, चूं!
शेंगू जागा झाला होता.

आणि लांबून आवाज आला, खळखळ, खळखळ.
पाटाला पाणी सुटलं होतं.

साळूकाकू भुर्रकन आली. तिनं डबीवर चोच मारली. टक! टक! टक!
"नाही गं बाई. माझी चोच बोलायची. ओढायची नाही. तू असं कर, मुंगळ्यांकडे पळ. मी इथं बसते. शेंगूशी बोलते. आणि पाणी कुठवर आलं तेही ओरडून सांगते."

टिचकी पळाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

बोरीखाली मुंगळे आडवे पडले होते. काळे काळे, मोठे मोठे. टिचकी त्यांच्या मुकादमापाशी गेली.

"मुकादम, मुकादम, चला ना!
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी येतंय, पाणी येतंय!"

मुकादमानं एक डोळा उघडला.
"कोण? टिचकी? तूच म्हणालीस ना, हमाल कशाला? चार पाय दिलेत देवानं?"

"अगंबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साळूकाकूनं. तिनं साऱ्या रानाला सांगितलंय."

टिचकीनं मान खाली घातली. "चुकलं माझं. आता चला ना!"

मुकादम उठायला गेला. पाय लटपटले. मटकन खाली बसला.

"नको म्हणत नाही गं. पण भुंग्याचं घर हलवलं. नाकतोड्याचं घर हलवलं. पाणी येणार म्हणून सगळं रानच आज घर हलवतंय. पायांत बळ उरलं नाही. आमची रीत आहे, आधी गूळ, मग ओझं. गुळाचा खडा आण. गूळ खाल्ला की उठलो बघ!"

लांबून साळूकाकू ओरडली,
"टिचके गं टिचके! पाणी पाटातून वळलं! शेंगू रडतोय!"

टिचकी पळाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

रानाच्या कडेला होतं गुऱ्हाळ. तिथं गुंडूमामा उसाच्या रसाचा गूळ करायचा. केवढी मोठी त्याची कढई! तिला म्हणतात काहील. गुंडूमामा काहिलीपाशी कपाळाला हात लावून बसला होता.

"गुंडूमामा, गुंडूमामा, गूळ दे ना!
मुंगळे चालेनात, डबी हलेना.
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी येतंय, पाणी येतंय!"

"गूळ कुठला देऊ गं बाई! रस आटत आला आणि जाळ विझला. आता रस माझ्याकडं बघतोय, मी रसाकडं बघतोय."

"मग जाळ घाल ना मामा!"

"कशानं घालू? उसाची वाळकी चिपाडं पाहिजेत. ढीग आहे तिकडं. पण ढिगावर कोंबडी बसलीय. हात घातला की टोचते. हा बघ माझा अंगठा!"

"मग मामा, तूच चल ना! तूच डबी ओढ ना!"

गुंडूमामानं आपले हात पुढं केले. फावड्याएवढे हात.
"या हातांनी ओढली तर बीळच ढासळेल. लेकरू आत आहे ना तुझं? तिथं माझं काम नाही. तिथं मुंगळेच पाहिजेत. तू कोंबडीला उठव. ती उठली की चिपाडं घेतो, जाळ घालतो, गूळ देतो."

लांबून साळूकाकू ओरडली,
"टिचके गं टिचके! पाणी वरच्या सरीत आलं! शेंगू रडतोय!"

टिचकी पळाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

चिपाडांच्या ढिगावर कोंबडी बसली होती. अंग फुगवून, डोळे वटारून.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना!
गूळ शिजेना, मुंगळे चालेनात.
मुंगळे चालेनात, डबी हलेना.
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी येतंय, पाणी येतंय!"

"कॉक कॉक कॉक! आली दुसरी! मघाशी तो मामा, आता तू! स्वतःचं घर हलवायला निघालीस, आणि माझं मोडतेस होय गं?"

"मोडत नाही गं ताई. माझं बाळ आत अडकलंय."

"बाळ?" कोंबडीचे फुगलेले पंख खाली बसले. "आधी नाही का सांगायचं!"

"आधीच तर सांगितलं!"

"बरं, बरं. मी तरी काय करू? माझ्या पोटाखाली अंडी आहेत. चिपाडं काढली तर अंडी घरंगळतील. फट् फट् फुटतील. मला एक टोपली आण. अंडी टोपलीत ठेवते, की उठलेच."

लांबून साळूकाकू ओरडली,
"टिचके गं टिचके! पाणी मधल्या सरीत आलं! शेंगू रडतोय!"

टिचकी पळाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

पायवाटेला होतं हौसामावशीचं घर. हौसामावशी बांबूच्या टोपल्या विणायची. अंगणात बसली होती. दोन्ही पायांनी टोपलीचं बूड दाबून, दोन्ही हातांनी काठ धरून.

"ये गं ये. दमलीस वाटतं. बस जरा. कुणाची गं तू?"

"मावशी, बसायला वेळ नाही!

हौसामावशी, हौसामावशी, टोपली दे ना!
कोंबडी उठेना, गूळ शिजेना.
गूळ शिजेना, मुंगळे चालेनात.
मुंगळे चालेनात, डबी हलेना.
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी येतंय, पाणी येतंय!"

"अगो बाई! टोपली तर होतच आली होती. एवढा काठ तेवढा राहिला. पण पट्ट्या वाळल्या बघ. वाकवली की मोडते. ही बघ, कड्! ही बघ, कड्! पाण्यात भिजल्या तर वाकतील."

"मग भिजव ना मावशी!"

"हात सोडला तर सगळी वीण सुटते. पाय उचलला तर बूड सुटतं. ती बघ समोर हापशी. तिचं पाणी पन्हळीतून इथं माझ्या पायाशी येतं. जा, हापशीला सांग."

लांबून साळूकाकू ओरडली,
"टिचके गं टिचके! पाणी खालच्या सरीत आलं! शेंगू हळू रडतोय!"

हळू? हळू का?
टिचकी पळाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

"हापशीबाई, हापशीबाई, पाणी दे ना!
टोपली होईना, कोंबडी उठेना.
कोंबडी उठेना, गूळ शिजेना.
गूळ शिजेना, मुंगळे चालेनात.
मुंगळे चालेनात, डबी हलेना.
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी येतंय, पाणी येतंय!"

"कर्रर्र! मी कधी नको म्हटलं? दांडा खाली कर, पाणी घे."

टिचकी सरसर वर चढली. दांड्याला लोंबकळली. दांडा हलला नाही.
टिचकीनं दांड्यावर उडी मारली. दांडा हलला नाही.
टिचकी दांड्यावर नाचली, आपटली, पडली, पुन्हा चढली. दांडा ढिम्म!

"कोण आहे गं? माशी बसली की काय?"

"मी आहे, मी! टिचकी!"

"तू होय! अगं, तुझ्यानं नाही व्हायचं. इथं कुणीतरी दांडगं पाहिजे. वर बघ. उंबरावर हुप्प्या वानर बसलाय. त्याला खाली बोलव."

लांबून साळूकाकू ओरडली,
"टिचके गं टिचके! पाणी बांधाला लागलं! शेंगू एकदाच बोलला! एकदाच!"

टिचकी उंबरावर चढली.
तुरुतुरु तुरुतुरु.

"हुप्प्यादादा, हुप्प्यादादा, उतर ना!
हापशी वाहेना, टोपली होईना.
टोपली होईना, कोंबडी उठेना.
कोंबडी उठेना, गूळ शिजेना.
गूळ शिजेना, मुंगळे चालेनात.
मुंगळे चालेनात, डबी हलेना.
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी येतंय, पाणी येतंय!"

"हुप्प!" हुप्प्या म्हणाला. पण बारीक आवाजात म्हणाला.
"कधीच उतरलो असतो गं. पण हे बघ. पतंगाचा मांजा. शेपटीला गुंडाळला आणि फांदीला गुंडाळला. ओढला की कापतो. सोडवायला गेलो की अजून गुंता होतो. शेपटी काही सुटत नाही. लाज वाटली म्हणून कुणाला हाक मारली नाही."

"मग मी कुणाकडे जाऊ? सांग लवकर!"

हुप्प्यानं डोकं खाजवलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.
"काय की. मला कुणीच माहीत नाही."

टिचकी मटकन फांदीवर बसली.
आता कुणाकडे जायचं?
मुंगळ्यांनी मामाकडे धाडलं. मामानं कोंबडीकडे धाडलं. कोंबडीनं मावशीकडे, मावशीनं हापशीकडे, हापशीनं हुप्प्याकडे. पुढं कुणीच नाही. आणि पाणी तर बांधाला लागलं!

टिचकीनं मांज्याकडे बघितलं.
मांजा म्हणजे काय? दोरा.
दोऱ्याला काय करतात?
टिचकी ताडकन उठली.

"दादा, हलू नकोस हं! हे तर माझंच काम!"

आणि तिनं मांज्याला दात लावले.
कुरकुर कुरकुर. कुरकुर कुरकुर.
ओठ चरचरले. टिचकी थांबली नाही.
कुरकुर कुरकुर. कुरकुर कुरकुर.

तेवढ्यात साळूकाकू स्वतःच उडत आली. पंख विस्कटलेले.
"टिचके गं टिचके! पाणी तुझ्या दारातल्या दगडाला टेकलं! आणि शेंगू... शेंगू आता बोलत नाही गं!"

टिचकीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. पण तोंडात मांजा. बोलणार कशी?
कुरकुर कुरकुर. कुरकुर कुरकुर.

मग साळूकाकूच हुप्प्याला म्हणाली. तिला सगळं पाठ. शेजारणीला काय पाठ नसतं!

"हुप्प्या, शहाणा ना तू, शेपटी हलवू नको रे बाबा!
शेपटी सुटेना, वानर उतरेना.
वानर उतरेना, हापशी वाहेना.
हापशी वाहेना, टोपली होईना.
टोपली होईना, कोंबडी उठेना.
कोंबडी उठेना, गूळ शिजेना.
गूळ शिजेना, मुंगळे चालेनात.
मुंगळे चालेनात, डबी हलेना.
डबी हलेना, बाळ निघेना.
आणि पाणी आलंय, पाणी आलंय!"

कुरकुर कुरकुर... तट्ट!
मांजा तुटला!

शेपटी सुटली, वानर उतरला. धप्प!
वानर उतरला, हापशी वाहिली. खटाक्-खुटुक्, खटाक्-खुटुक्, भळाभळा!
हापशी वाहिली, पट्ट्या भिजल्या. पट्ट्या वाकल्या, काठ वळला, टोपली झाली.
हौसामावशी टोपली घेऊन धावली. लुगड्याचा कासोटा आवळून धावली!
टोपली झाली, कोंबडी उठली. एक एक अंडं हळूच टोपलीत. "सांभाळून गं मावशी, सांभाळून. कॉक कॉक!"
कोंबडी उठली, चिपाडं मिळाली. मामानं कवळाभर चिपाडं आत सारली. भडभड भडभड जाळ!
चिपाडं पेटली, गूळ शिजला. रटरट रटरट!

"हा घे खडा," मामा म्हणाला. "गरम आहे गं. फुंकर घाल, थांब जरा."

टिचकी कुठली थांबते? तोंड पोळलं. खडा सोडला नाही.
तुरुतुरु तुरुतुरु. तुरुतुरु तुरुतुरु.

गूळ शिजला, मुंगळे उठले. मुटुमुटु, मुटुमुटु, खडा फस्त!
"उठा रे, उठा!" मुकादम म्हणाला. "लेकराचं काम आहे. रांग करा!"
मुंगळे चालले. झपझप, झपझप, झपझप.

बिळाच्या दारात पाणी आलं होतं. उंबऱ्याशी डुबुक डुबुक करत होतं.
"शेंगू!" टिचकीनं हाक मारली.
आतून चूं नाही. काही नाही.

डबीच्या कडेला एक फट होती. बारीकशी. टिचकीचं नाकसुद्धा शिरत नव्हतं. पण मुंगळ्याला काय, फट दिसली की दार दिसलं!
एक मुंगळा आत गेला. त्याच्यामागं दुसरा. त्याच्यामागं तिसरा. सगळी रांग आत गेली.

आतून मुकादमाचा आवाज आला,
"ओढायची नाही रे! आधी फिरवा! लावा जोर... हुश्श्या! अजून फिरवा... हुश्श्या!"

डबी करकरली.
डबी सरकली.
डबी फिरली. आडवी होती ती सरळ झाली.

"ओढ गं टिचके!"

टिचकीनं डोळे मिटले आणि ओढली.
सर्रर्र!

डबी निघाली!

आणि उंबऱ्यावरचं पाणी आत शिरलं. गुडुक!

"शेंगू! शेंगू!"
आत काळोख. आत पाणी. शेंगू दिसेना. मुंगळे दिसेनात.
साळूकाकूसुद्धा गप्प झाली. साळूकाकू, बरं का, गप्प!

गुडुक... गुडुक...

मग काळोखातून एक मुंगळा निघाला. पाय भिजलेले.
त्याच्यामागं दुसरा निघाला. त्याच्यामागं तिसरा.
त्यांच्या सगळ्यांच्या पाठीवर शेंगू.
डोळे मिटलेले. शेपटी लोंबलेली. हलत नव्हता.

टिचकीनं त्याच्या नाकाला नाक लावलं.
नाक गरम होतं.

शेंगूनं तोंड उघडलं. केवढं उघडलं!
आणि दिली जांभई.

झोपला होता! सगळं रान धावलं, आणि हा झोपला होता!

"बघितलंस?" साळूकाकू म्हणाली. "रडत होता, म्हणून मी त्याला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातली हकिगत सांगत होते. चांगली लांब हकिगत आहे. ऐकता ऐकता झोपला गं बाई!"

"तुमची हकिगत म्हटल्यावर झोपणारच," मुकादम म्हणाला.

टिचकी हसली. हसता हसता रडली. रडता रडता शेंगूला चाटत सुटली.

"बोला टिचकीबाई," मुकादमानं विचारलं, "आधी काय न्यायचं? आधी डबी की आधी बाळ?"

"बाळ!" टिचकी म्हणाली. "आधी बाळ. डबी मागाहून. राहिली तरी राहू दे."

"राहील कशी? गूळ खाल्लाय आम्ही!"

पुढं अर्धे मुंगळे, त्यांच्या पाठीवर शेंगू. मागं अर्धे मुंगळे, त्यांच्या पाठीवर डबी. निघाली रांग टेकाडावर.
हुश्श्या, हुश्श्या. खुळखुळ, खुळखुळ. हुश्श्या, हुश्श्या.

खाली बीळ पाण्यानं भरलं. गुडगुड गुडगुड, काठोकाठ.
टिचकीनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

तिच्या तोंडात काही नव्हतं. तिच्या पाठीवर काही नव्हतं. सगळं ओझं मुंगळ्यांकडे.
टिचकी नुसती चालली. शेंगूच्या अगदी शेजारून. एक पाय त्याच्या अंगावर ठेवून.
आज पहिल्यांदा तुरुतुरु नाही. हळू. हळू. हळू.

बाभळीखाली कापसाची गादी होती. मुंगळ्यांनी शेंगूला गादीवर ठेवलं. जागा होऊ दिला नाही.
टिचकीनं वर गोधडी ओढली. डबी उघडली. मूठ मूठ ज्वारी मुंगळ्यांना दिली. मग तीही आत शिरली आणि शेंगूभोवती गोल होऊन निजली.

शेंगू निजला कुशीत,
मुंगळे गेले खुशीत,
आणि ही गोष्ट, बाळांनो,
ठेवा तुमच्या उशीत.